कोड तोच, तरी बिल्ड पुन्हा पुन्हा फेल: व्हर्जन पिन करायचं की मोकळं सोडायचं?

लक्षणं अशी. कोडला कुणी हात लावलेला नाही. काल व्यवस्थित झालेली बिल्ड (कोड आणि त्याला लागणारी पॅकेजेस जोडून ॲप तयार करण्याचं काम) आज फेल होते, किंवा त्याहून वाईट म्हणजे बिल्ड होते आणि कंटेनर सुरू होताक्षणी बंद पडतो. एररमध्ये दिसणारी फाइल तुमची नसते, आतल्या कुठल्यातरी पॅकेजची असते. शोधाशोध करून ते पॅकेज जुन्या व्हर्जनवर पिन केलं, म्हणजे नेमक्या त्याच आकड्यावर बांधून ठेवलं, की सगळं सुरळीत होतं, जो तो आपापल्या कामाला लागतो, आणि काही महिन्यांनी दुसऱ्याच पॅकेजवरून हेच सगळं परत घडतं.

मोडलेली बिल्ड एकदा दुरुस्त करणं फार अवघड नाही. तेच दुखणं परत परत का येतं आणि ते मुळातून कसं काढायचं, यावर इथे बोलू. उदाहरण पायथनमधल्या फ्लास्क या वेब फ्रेमवर्कचं घेऊ, कारण त्याच्या गोतावळ्यात हा प्रकार दोन वर्षांच्या आत तीनदा अगदी स्वच्छ दिसला.

फ्लास्क पिन केला होता, तरीही

३० सप्टेंबर २०२३ रोजी, फ्लास्क ज्यावर चालतो त्या वर्कझ्युग या पॅकेजचं ३.० व्हर्जन आलं. त्या दिवशी शनिवार होता, मग रविवार, आणि सोमवारी गांधी जयंतीची सुट्टी. म्हणजे आपल्याकडे ज्यांनी पुढची बिल्ड मंगळवारी सकाळी चालवली, त्यांच्यासमोर शुक्रवारचाच कोड आणि नवी एरर होती: वर्कझ्युगच्या यूआरएल्स मॉड्यूलमधून ‘यूआरएल_कोट’ इम्पोर्ट करता येत नाही.

अशा प्रोजेक्टच्या रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये बहुतेक वेळा ‘फ्लास्क==२.२.२’ अशी ओळ असते. लिहिणाऱ्याने दोन बरोबरची चिन्हं टाकून व्हर्जन पक्कं केलेलं असतं आणि त्याला मनापासून वाटत असतं की आपण सुरक्षित आहोत. पण वर्कझ्युगचं नाव त्या फाइलमध्ये नसतं. ते फ्लास्कबरोबर येतं, आणि फ्लास्क २.२.२ ने आपल्या माहितीत एवढंच सांगितलेलं आहे की वर्कझ्युग २.२.२ किंवा त्यापुढचं कुठलंही चालेल. पायथनची पॅकेजेस बसवणारं पिप मग नियमात बसणारं सर्वांत नवं व्हर्जन उचलतं. शुक्रवारी ते २ च्या मालिकेतलं होतं, मंगळवारी ३.० झालं. ३.० मधून ‘यूआरएल_कोट’ काढून टाकलं होतं आणि फ्लास्क २.२.२ सुरू होतानाच ते मागतो. इन्स्टॉल मात्र बिनतक्रार पार पडतं, कारण कागदावर सगळे नियम पाळले गेलेले असतात. म्हणून बिल्डमध्ये किमान ॲप इम्पोर्ट करून बघणारी एक टेस्ट नसेल, तर ही गोष्ट थेट सर्व्हरवर कळते.

फ्लास्कबरोबर जिंजा ही टेम्प्लेट लायब्ररी येते आणि जिंजाबरोबर मार्कअपसेफ. याआधी फेब्रुवारी २०२२ मध्ये मार्कअपसेफच्या २.१.० मधून ‘सॉफ्ट_युनिकोड’ गेलं आणि जिंजा २ ची जुनी मालिका वापरणारे प्रोजेक्ट बंद पडले. पुढच्याच महिन्यात जिंजा ३.१ ने ‘एस्केप’ काढलं आणि फ्लास्क १.१.२ सारख्या व्हर्जन्सवर असलेल्यांची पंचाईत झाली. तिन्ही वेळा लोकांनी फाइलमध्ये एकेक ओळ वाढवली आणि विषय संपला असं मानलं.

मार्कअपसेफचं प्रकरण जरा बारकाईने बघण्यासारखं आहे. फ्लास्क १.१.४ मध्ये वरची मर्यादाही घातलेली होती: जिंजा ३ च्या खालचंच हवं. त्यामुळे जिंजा २.११.३ वर थांबत होतं, अगदी योग्य. पण जिंजा २.११.३ मार्कअपसेफकडे फक्त ०.२३ च्या पुढचं कुठलंही मागत होतं. पहिली पायरी बंद, दुसरी बंद, तिसरी सताड उघडी. शिवाय २.० वरून २.१ हा बदल मुख्य आकड्याचा नव्हता, मधल्या आकड्याचा होता. कुणी शहाणपणाने ‘३ च्या खालचं’ असं मार्कअपसेफला बांधलं असतं तरी २.१.० आत आलंच असतं. मुख्य आकडा बदलला तरच काही मोडतं, हा विश्वास डिपेंडन्सी (आपल्या कोडला लागणारी बाहेरची पॅकेजेस) मोकळी ठेवणाऱ्यांचा मोठा आधार असतो. तो संकेत चांगला आहे, पण ते प्रत्येक लेखकावर बंधन नाही.

इथे पॅकेज लिहिणाऱ्यांना दोष देता येत नाही. ‘सॉफ्ट_युनिकोड’ जाणार याची सूचना मार्कअपसेफ २.० पासून मिळत होती आणि ‘यूआरएल_कोट’बद्दलची वर्कझ्युग २.३ पासून. त्या सूचना टेस्टच्या लॉगमध्ये दिसू शकत होत्या. लॉग वाचायची वेळ बिल्ड फेल झाल्यावरच येते, ही खरी अडचण आहे.

आधी खात्री करा की हाच आजार आहे

सगळ्यात पहिलं काम: शेवटची यशस्वी झालेली कमिट त्याच सीआयवर (बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेवर), कॅशे बंद करून, पुन्हा चालवा. ती आज फेल झाली तर कोडमधला दोष शोधत बसू नका, बाहेरचं काहीतरी सरकलं आहे. ती पास झाली तर दोष तुमच्या नव्या बदलात आहे. बरेचदा लोक ही पायरी गाळतात आणि अर्धा दिवस स्वतःचाच डिफ वाचत राहतात.

मग दोन याद्या लागतात: चालत होतं तेव्हा कुठली व्हर्जन्स होती आणि आता कुठली आहेत. जुनी यादी मिळवायची उत्तम जागा म्हणजे सध्या सर्व्हरवर चालू असलेला कंटेनर. त्याच्या आत जाऊन ‘पिप फ्रीझ’ चालवा, पूर्ण यादी हातात येते. ते शक्य नसेल तर जुन्या बिल्डच्या लॉगमध्ये पिपची ‘सक्सेसफुली इन्स्टॉल्ड’ ही लांबलचक ओळ शोधा. त्यात प्रत्येक पॅकेजचं नाव आणि व्हर्जन असतं. दोन्ही याद्या डिफला द्या. चार-पाच नावं वेगळी निघतील आणि एररमधल्या पॅकेजचं नाव त्यात बहुधा असेल.

जुना कंटेनरही नाही आणि लॉगही पुसले गेले, अशी वेळ आली तर यूव्ही हे पायथनची पॅकेजेस बसवणारं साधन हाताशी ठेवा. त्याला ‘एक्सक्लूड-न्यूअर’ असा पर्याय देऊन एक तारीख सांगता येते, आणि ते त्या तारखेनंतर आलेली व्हर्जन्स अस्तित्वातच नाहीत असं समजून निवड करतं. वरच्या उदाहरणात २९ सप्टेंबर २०२३ ही तारीख दिली की वर्कझ्युग २ च्या मालिकेतलं येतं आणि ॲप उभं राहतं. नेमकं कधी बिनसलं हे माहीत नसेल तर तारीख पुढेमागे सरकवत त्या दिवसापर्यंत पोचता येतं.

तातडीचा उपाय म्हणून ते एक पॅकेज पिन करा आणि सर्व्हर उभा करा, त्यात गैर काहीच नाही. मात्र तिकीट तिथे बंद करू नका.

कायमचा उपाय: दोन फाइल्स, दोन कामं

‘फिक्स की फ्लोटिंग’ हा वाद बहुतेक टीम्समध्ये एकाच फाइलवरून चालतो. सगळं पक्कं करावं असं एकाला वाटतं, दुसऱ्याला सुरक्षेचे अपडेट आपोआप यायला हवे असतात. दोघांचं म्हणणं रास्त आहे, पण ते दोन वेगळ्या प्रश्नांबद्दल बोलत आहेत. आम्हाला काय चालेल, हा एक प्रश्न. या बिल्डमध्ये नेमकं काय गेलं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मोकळं असू शकतं. दुसऱ्याचं उत्तर पूर्ण पक्कंच हवं, तिसऱ्या-चौथ्या पायरीवरच्या पॅकेजपर्यंत.

म्हणून दोन फाइल्स ठेवा. एक माणसाने लिहायची: त्यात तुम्ही स्वतः इम्पोर्ट करता तेवढीच पॅकेजेस, सैल मर्यादेसह. दुसरी साधनाने तयार करायची, तिलाच लॉक फाइल म्हणतात: त्यात आख्खं झाड, प्रत्येकाचं नेमकं व्हर्जन, आणि शक्यतो हॅशसुद्धा (फाइलच्या मजकुरावरून काढलेला तिचा ठसा). पायथनमध्ये हे पिप-टूल्सचं ‘पिप-कंपाइल’ करतं, यूव्ही आणि पोएट्रीही करतात. हॅश घातले आणि पिपला ते सक्तीचे आहेत असं सांगितलं की मिरर बदलला किंवा मधे कुणी फाइल बदलली तरी इन्स्टॉल थांबतं. नुसत्या व्हर्जनच्या आकड्यात ही हमी नसते.

‘पिप फ्रीझ’ची यादीच फाइलमध्ये टाकली तर? काहीच नसण्यापेक्षा बरं, पण त्यात तुम्ही मागितलेलं काय आणि मागून आलेलं काय हे कळत नाही. वर्षभराने एखादं पॅकेज काढायचं म्हटलं की त्याच्यासोबत आलेल्या सात जणांचं काय करायचं ते कुणालाच सांगता येत नाही.

लॉक फाइल आहे, तरीही व्हर्जन्स सरकतात

जावास्क्रिप्टच्या प्रोजेक्टमध्ये हे जास्त दिसतं. तिथे पॅकेजेस बसवणाऱ्या एनपीएमच्या ५ व्या व्हर्जनपासून, म्हणजे २०१७ पासून, लॉक फाइल आपोआप बनते, त्यामुळे ती असतेच. पण ती वापरली जाते का ते तपासा. डॉकरफाइलमध्ये (कंटेनर कसा बांधायचा ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) फक्त पॅकेज.जेसॉन, म्हणजे माणसाने लिहायची फाइल, कॉपी केलेलं असतं आणि लॉक फाइल मागेच राहते, हा मला सर्वांत जास्त वेळा भेटलेला दोष. मग कॅरेटच्या खुणेला जी मुभा आहे ती सगळी वापरली जाते: ^१.२.३ म्हणजे २.०.० च्या खालचं काहीही. टिल्डची मुभा कमी: ~१.२.३ म्हणजे १.३.० च्या खालचं. आणि पहिला आकडा शून्य असेल तर कॅरेटही आखडतो, ^०.२.३ हा ०.३.० च्या अलीकडे थांबतो. लॉक फाइल गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइल्सच्या यादीत) गेलेली असणं हा याच दोषाचा सख्खा भाऊ.

सीआयवर ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’ वापरा. पॅकेज.जेसॉन आणि लॉक फाइल यांचं जमत नसेल तर ‘इन्स्टॉल’ लॉक फाइल गुपचूप बदलून पुढे जातं. ‘सीआय’ एरर देऊन थांबतं. आपल्याला थांबणारंच हवं. रस्ट भाषेच्या कार्गोमध्ये याच कामासाठी ‘लॉक्ड’ हा पर्याय आहे.

जावाच्या जगातल्या ग्रेडल या बिल्ड साधनात ‘१.+’ असं लिहिलेलं सापडलं तर एक चमत्कारिक लक्षण दिसतं: एकच कमिट एका मशीनवर चालते, दुसऱ्यावर नाही, आणि उद्या दोन्हीकडे सारखीच वागते. ग्रेडल अशा मोकळ्या व्हर्जनचा शोध घेतल्यावर उत्तर २४ तास जपून ठेवतं, त्यामुळे हा फरक पडतो. तिथे डिपेंडन्सी लॉकिंग चालू करा. गो ही भाषा वापरणाऱ्यांना हा त्रास जवळजवळ होत नाही. गोचं साधन नियमात बसणारं सर्वांत जुनं व्हर्जन निवडतं, त्यामुळे नवं काही प्रसिद्ध झालं म्हणून तुमची बिल्ड हलत नाही.

लॉक फाइलच्या बाहेर राहिलेलं

एवढं करूनही बिल्ड मोडू शकते, कारण लॉक फाइलमध्ये न येणारी बरीच मंडळी बिल्डमध्ये भाग घेतात. १७ जुलै २०२३ ला सायथन ३.० आलं आणि पायवायएमएल या पॅकेजचं ५.४.१ हॅशसकट पिन केलेल्यांच्याही बिल्ड फेल झाल्या. ज्या पायथन व्हर्जनसाठी किंवा अल्पाइनसारख्या इमेजसाठी तयार व्हील (आधीच बांधून ठेवलेलं पॅकेज) नव्हती, तिथे पिप सोर्समधून पॅकेज बांधत होतं, आणि बांधण्यासाठी लागणारं सायथन पायवायएमएलने मोकळं सोडलेलं होतं. तुमच्या यादीत सायथनचं नाव असायचं कारणच नव्हतं. यावर सोपा उपाय म्हणजे पिपला ‘ओन्ली-बायनरी’ सांगणं: तयार व्हील मिळाली तर घे, नाहीतर थांब. मग सोर्समधून बांधण्याचा निर्णय तुम्ही जाणूनबुजून घेता.

बेस इमेजचंही, म्हणजे कंटेनर ज्या तयार पायावर बांधला जातो त्याचंही, तसंच. जून २०२३ मध्ये डेबियन १२ आलं आणि डॉकरवरचा पायथन ३.११-स्लिम हा टॅग बुल्सआयवरून (डेबियन ११) बुकवर्मवर (डेबियन १२) गेला. पायथन तेच, खालची सिस्टिम बदलली, ओपनएसएसएल १.१ जाऊन ३.० आलं, आणि ‘लिबएसएसएल१.१’ मागणाऱ्या डॉकरफाइल्स अडल्या. टॅगमध्ये सिस्टिमचंही नाव लिहा, आणि जिथे काटेकोरपणा हवा तिथे शा-२५६ डायजेस्ट, म्हणजे त्या इमेजचा हॅश, लिहा. टॅग हलवता येतो, डायजेस्ट हलत नाही. गिटहब ॲक्शन्सना (गिटहबच्या सीआयमध्ये वापरायच्या तयार पायऱ्यांना) हेच लागू आहे. मार्च २०२५ मध्ये टीजे-ॲक्शन्सच्या ‘चेंज्ड-फाइल्स’ या ॲक्शनचे टॅग्ज हल्लेखोराने स्वतःच्या कमिटकडे वळवले, आणि ती वापरणाऱ्या रेपोंच्या (कोड ठेवायच्या भांडारांच्या) बिल्ड लॉगमध्ये त्यांची गुपितं छापली जाऊ लागली. २३,००० हून जास्त रेपो ती ॲक्शन वापरत होते. ज्यांनी पूर्ण कमिट हॅश लिहिला होता आणि त्या दिवसांत तो बदलला नाही, त्यांना धक्का लागला नाही.

एका ठिकाणी मात्र पिन करणंच महागात पडतं: डॉकरफाइलमधल्या एपीटीच्या (डेबियनची पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाच्या) ओळी. डेबियनच्या नेहमीच्या भांडारात पॅकेजचं चालू व्हर्जनच ठेवलं जातं. सुरक्षेचा अपडेट आला की तुम्ही नेमकं लिहिलेलं जुनं व्हर्जन तिथून जातं आणि बिल्ड ‘व्हर्जन सापडलं नाही’ म्हणून फेल होते. तिथे बेस इमेज डायजेस्टने पक्की करा, एपीटीचे आकडे लिहू नका. अगदीच गरज असेल तर डेबियनचं स्नॅपशॉट भांडार वापरा.

पिन करून विसरणं हाही आजारच

लॉक फाइल लागू झाली की बिल्ड शांत होते. पुढचा धोका या शांततेतूनच येतो. अपाची स्ट्रट्स या जावा वेब फ्रेमवर्कमधल्या सीव्हीई-२०१७-५६३८ या सुरक्षा दोषावरची दुरुस्ती ७ मार्च २०१७ ला उपलब्ध झाली होती. लोकांची कर्जविषयक माहिती ठेवणाऱ्या इक्विफॅक्स या अमेरिकन कंपनीत ती लावली गेली नाही, मे महिन्यात हल्लेखोर त्याच वाटेने आत आले आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली.

यावर ‘म्हणूनच आम्ही मोकळं ठेवतो’ असं म्हणणारे भेटतात. त्यांना एक विचारावं: तुमची ती जुनी सर्व्हिस, जी आठ महिन्यांत बिल्डच झाली नाही, ती आत्ता कुठल्या व्हर्जनवर आहे? मोकळं व्हर्जन फक्त बिल्डच्या क्षणी पुढे जातं. बिल्ड नाही तर अपडेट नाही, आणि वर यादीही नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या जावा लायब्ररीतला लॉग४शेल हा दोष उघड झाला तेव्हा पहिला प्रश्न ‘आपल्याकडे लॉग४जे कुठे कुठे आहे आणि कितवं आहे’ हाच होता. पूर्ण यादी रेपोत ठेवणाऱ्यांना तो शोधानेच सुटला. त्यानंतर २.१५.०, २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१ अशी व्हर्जन्स त्याच महिन्यात येत गेली, तेव्हा कुठल्या सर्व्हिसवर कितवं पोचलं याचा हिशोब ठेवणंही त्यांनाच जमलं.

म्हणून अपडेट हे बिल्डपासून वेगळं, वेळापत्रकावर चालणारं काम करा. अपडेट आपोआप सुचवणारं रेनोव्हेट किंवा डिपेंडाबॉट लावा, आठवड्याला एक एकत्रित पुल रिक्वेस्ट (तपासून मग स्वीकारायचा बदल) येऊ द्या, तिच्यावर सगळ्या टेस्ट चालू द्या. टेस्टमध्ये डेप्रिकेशनच्या (‘हे पुढे काढलं जाणार’ अशा) सूचना एरर म्हणून वागवा, म्हणजे ‘यूआरएल_कोट’सारखी गोष्ट काढली जाण्याच्या काही महिने आधीच कळते. फेल झाली तर ती पुल रिक्वेस्ट फेल होते; रिलीज अडत नाही. फरक एवढाच, आणि रात्री अकराला फोन येणाऱ्या माणसासाठी तो फार मोठा आहे.

नवं व्हर्जन आलं त्याच मिनिटाला घ्यायची घाईही नको. ८ सप्टेंबर २०२५ ला चॉक आणि डीबग या प्रचंड वापराच्या पॅकेजेसची घातक व्हर्जन्स एनपीएमवर चढवली गेली आणि काही तासांत उतरवली गेली. त्या काही तासांत मोकळ्या व्हर्जनवर बिल्ड करणारेच सापडले. रेनोव्हेट, डिपेंडाबॉट आणि पीएनपीएम या तिघांतही आता ‘इतके दिवस जुनं झाल्याशिवाय घेऊ नको’ असं सांगायची सोय आहे. आठवडाभर थांबा, ज्ञात सुरक्षा दोषावरची दुरुस्ती असेल तर मात्र हाताने पुढे ढकला. याने सगळंच टळत नाही. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम ३.३.६ ने ‘फ्लॅटमॅप-स्ट्रीम’ला ^०.१.० असं मोकळं बांधलं होतं, आधीचं ०.१.० निरुपद्रवी, नंतर आलेल्या ०.१.१ मध्ये बिटकॉइन वॉलेटवर डोळा ठेवणारा कोड, आणि तो उघडकीला यायला आठवडे गेले. अपडेटच्या पुल रिक्वेस्टमध्ये कधीही न ऐकलेलं नवं पॅकेज आलं तर थांबून बघायलाच हवं.

तुम्ही लायब्ररी लिहीत असाल तर

वरचं सगळं ॲप्ससाठी आहे. लायब्ररीने आपल्या डिपेंडन्सी नेमक्या आकड्यावर पिन करून प्रसिद्ध करू नये. एका लायब्ररीने रिक्वेस्ट्स या पॅकेजचं एक व्हर्जन आणि दुसरीने दुसरं हट्टाने मागितलं, तर पायथनमध्ये दोघी एकत्र नांदूच शकत नाहीत आणि पिप ‘रिझोल्यूशन इम्पॉसिबल’ म्हणून हात टेकतं. खालची मर्यादा खरी लिहा, वरची मर्यादा मोडतं हे माहीत असेल तेव्हाच घाला. लायब्ररीच्या स्वतःच्या सीआयमध्ये मात्र दोन्ही टोकं तपासा: एकदा सर्वांत जुन्या मान्य व्हर्जन्सवर, एकदा सर्वांत नव्यावर.

जुन्या तातडीच्या ओळी काढा

लॉक फाइल आली की आणीबाणीत घातलेले पिन शोधून बाहेर काढायचे आहेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये असंख्य फाइल्समध्ये ‘मार्कअपसेफ==२.०.१’ ही ओळ घातली गेली. ती अजून तिथेच असेल तर वर्कझ्युग २.२ किंवा त्यापुढच्या व्हर्जनवर जाताच येत नाही, कारण त्याला मार्कअपसेफ २.१.१ किंवा त्यापुढचं लागतं; आणि अपडेट का अडलं आहे ते नव्या माणसाला कळत नाही. माणसाने लिहायच्या फाइलमधली प्रत्येक वरची मर्यादा आणि प्रत्येक नेमका आकडा तपासा. कारण सापडलं तर ते शेजारी कॉमेंटमध्ये लिहा: काय मोडत होतं, कुठल्या तारखेला, आणि कुठलं व्हर्जन आल्यावर ही ओळ काढता येईल. कारण सापडलं नाही तर ओळ काढा, लॉक फाइल नव्याने तयार करा आणि टेस्ट चालवा.